2016ची सेडान की 2021ची हॅचबॅक: गाडी बदलताना ‘मॉडेल’ कसे वाचावे

आपण विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण कागलला राहता आणि कोल्हापुरातील शाळेत शिकवता. रोजचे जाणे-येणे मिळून चाळीस किलोमीटर होते आणि महिन्या-दीड महिन्याला एकदा आंबा घाटातून रत्नागिरीला जावे लागते. घरची 2011ची पेट्रोल हॅचबॅक यंदा पंधरा वर्षांची होत आहे, म्हणून ती बदलायची आहे. पतसंस्थेचे कर्ज आणि शिल्लक मिळून साडेसहा लाख रुपये हाताशी आहेत. समोर 2016ची, 78,000 किलोमीटर चाललेली, दुसऱ्या मालकाची पेट्रोल सेडान सव्वापाच लाखांना आहे. 2021ची, 41,000 किलोमीटर चाललेली, पहिल्याच मालकाकडे असलेली हॅचबॅक पाच लाख दहा हजारांना आहे. आणि तिसरा पर्याय कोऱ्या गाडीच्या बेस मॉडेलचा आहे. मेहुणे मात्र जुनी डिझेल घ्या म्हणून आग्रह धरत आहेत.

माझे उत्तर आधी सांगतो आणि कारणे नंतर. या तिन्हींत मी 2021ची हॅचबॅक निवडेन, पण ती पुरात भिजलेली नाही आणि तिचे किलोमीटर खरे आहेत या दोन गोष्टींची खात्री झाल्याशिवाय तिच्यावर विसार देणार नाही. गेली सत्तावीस वर्षे कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझे गॅरेज आहे आणि अलीकडे माझा निम्म्याहून अधिक वेळ दुरुस्तीपेक्षा लोकांनी घेऊ घातलेल्या जुन्या गाड्या तपासण्यातच जातो. त्या तपासण्यांतून जे हाती लागले तेच इथे मांडत आहे.

आपल्याकडे गाडीची चौकशी करताना पहिला प्रश्न असतो, ‘कितीचे मॉडेल?’ उत्तरादाखल एक वर्ष सांगितले जाते आणि त्या एका आकड्यावर भाव ठरू लागतो. प्रत्यक्षात त्या आकड्याआड तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. गाडी कारखान्यात कोणत्या महिन्यात तयार झाली ही पहिली, आरटीओत तिची नोंदणी कोणत्या तारखेला झाली ही दुसरी, आणि कंपनीने त्या गाडीची जी पिढी किंवा सुधारित आवृत्ती बाजारात आणली त्यांपैकी ती कोणती ही तिसरी. विकणारा यांपैकी जे वर्ष सर्वांत अलीकडचे असेल ते सांगतो. 2019च्या नोव्हेंबरात बनलेली गाडी 2020च्या मार्चमध्ये नोंदली गेली असेल, तर ती ‘वीसचे मॉडेल’ म्हणून विकली जाते, आणि त्यात कायद्याने काही खोटेही नसते. म्हणून आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, हातात घेऊन निर्मितीचा महिना व वर्ष, नोंदणीची तारीख आणि उत्सर्जन मानक (धुरातील प्रदूषणाची मर्यादा: बीएस-4, बीएस-6 इत्यादी) या तिन्ही नोंदी स्वतः वाचाव्यात. आरसीवरचा चासी नंबर गाडीवर कोरलेल्या नंबराशी अक्षर न अक्षर जुळतो का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

वर्षाला महत्त्व आहेच, परंतु सगळी वर्षे सारख्या वजनाची नसतात. गेल्या दशकात आपल्या देशातील गाड्या दरवर्षी थोड्याथोड्या सुधारत गेल्या, असे घडलेले नाही. नियम बदलले तेव्हा त्या एकदम पायरी चढल्या आणि दोन पायऱ्यांच्या मधल्या काळात बहुतांशी तशाच राहिल्या. 1 एप्रिल 2017 पासून बीएस-4 मानक देशभर लागू झाले. 2019 हे वर्ष सुरक्षिततेच्या दृष्टीने फार मोठे ठरले: एप्रिलपासून सर्व नव्या मोटारींना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचे झाले, जुलैपासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारी घंटी, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, आणि ऑक्टोबरपासून विक्रीतील प्रत्येक मॉडेलला समोरून व बाजूने होणाऱ्या धडकेच्या चाचणीत उतरणे बंधनकारक झाले. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आले. चालकाशेजारच्या आसनाची एअरबॅग 2021 अखेरपर्यंत सर्व नव्या मोटारींना लागू झाली. 1 एप्रिल 2023 पासून बीएस-6चा दुसरा टप्पा आला, ज्यात गाडीचा धूर प्रयोगशाळेबरोबरच प्रत्यक्ष रस्त्यावरही मोजला जातो, आणि त्याच सुमारास कंपन्यांनी 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साजेशा गाड्या देण्यास सुरुवात केली.

या पायऱ्या डोळ्यांसमोर ठेवल्या की काही गोष्टी आपोआप उलगडतात. 2017ची आणि 2018ची एकाच मॉडेलची गाडी समोर असेल, तर एका वर्षासाठी चाळीस हजार जास्त मोजण्यात फारसा अर्थ नाही. दोघींत जी अधिक निगेने वापरलेली असेल ती घ्यावी. याउलट 2019च्या जानेवारीची आणि डिसेंबरची गाडी यांत कागदावर एकच वर्ष दिसत असले, तरी बेस मॉडेलच्या बाबतीत त्यांच्यात जिवाशी संबंधित फरक असू शकतो. 2020च्या पहिल्या तीन महिन्यांबद्दल तर मी प्रत्येकाला मुद्दाम सावध करतो. 31 मार्च 2020 नंतर बीएस-4 गाड्यांची नोंदणी बंद होणार हे ठाऊक असल्यामुळे त्या काळात शिल्लक बीएस-4 गाड्या मोठ्या सवलतीत विकल्या गेल्या. 2021च्या अखेरीस इचलकरंजीचे एक गृहस्थ नुकतीच घेतलेली ‘वीसची’ गाडी माझ्याकडे पहिल्या सर्व्हिसिंगसाठी घेऊन आले होते. बीएस-6चा भाव मोजून त्यांनी बीएस-4 गाडी घेतली होती आणि आरसीवरची ती एक ओळ त्यांनी व्यवहार झाल्यावर, माझ्यासमोर, प्रथमच वाचली. गाडी वाईट नव्हती, मात्र तिच्यासाठी दिलेले पैसे चुकीचे होते.

पिढीचे आणि सुधारित आवृत्तीचे एक उदाहरण आपल्याला थेट उपयोगी पडेल. मारुती स्विफ्टचे पेट्रोल इंजिन 2021च्या फेब्रुवारीअखेर बदलले. आधीचे इंजिन 83 पीएस ताकदीचे होते आणि त्याचे प्रमाणित मायलेज 21.21 होते, नंतरचे तेवढ्याच 1197 सीसीचे, पण 90 पीएसचे, आणि त्याचे मायलेज 23.20. म्हणजे 2021च्या जानेवारीत बनलेली स्विफ्ट आणि एप्रिलमध्ये बनलेली स्विफ्ट या बाजारात दोन्ही ‘एकवीसचे मॉडेल’ असल्या, तरी बॉनेटखाली दोन वेगळी इंजिने आहेत. आपण पाहत असलेली हॅचबॅक कोणत्या कंपनीची आहे हे आपण लिहिलेले नाही, परंतु ती कोणतीही असली तरी त्या वर्षात तिच्यात असा काही बदल झाला होता का, हे विचारून घ्यावे. माझा स्वतःचा कल असा आहे की, नवी पिढी बाजारात आल्यानंतरच्या पहिल्या सहा-आठ महिन्यांतली गाडी शक्यतो टाळावी, कारण त्या काळातले बारीकसारीक दोष कंपनी पुढे दुरुस्त करत जाते. आणि एखादी पिढी संपत येतानाची शेवटच्या दीड-दोन वर्षांतली गाडी आवर्जून पाहावी. त्या गाडीचा भाव नव्या पिढीमुळे उतरलेला असतो, दोष निघून गेलेले असतात आणि सुटे भाग कुठेही मिळतात.

आता आपल्या 2016च्या सेडानकडे येतो. ती 2019च्या सगळ्या सुरक्षानियमांच्या आधीची आहे, म्हणून ती असुरक्षित असे मी म्हणणार नाही. त्या काळात वरच्या वर्गातील गाड्यांच्या मधल्या व टॉप मॉडेलमध्ये दोन एअरबॅग आणि एबीएस बहुधा असतच. गाळल्या जात त्या बेस मॉडेलमध्ये, आणि तेही विशेषतः छोट्या गाड्यांत. तेव्हा आपली सेडान कोणत्या व्हेरियंटची आहे ते पाहावे, आणि किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा उजळून काही सेकंदांत विझतो का, हेही पाहावे. तो दिवा मुळीच लागत नसेल तर तो मुद्दाम काढून ठेवलेला असण्याची शक्यता असते आणि अशा वेळी एअरबॅग एकदा फुटून गेलेली असू शकते. धडक-चाचणीच्या ताऱ्यांविषयी एवढेच सांगतो की, गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने जुलै 2022 मध्ये चाचणीचे निकष कडक केले आणि आपली भारत एनकॅप ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली. त्यामुळे 2018 साली मिळालेले चार तारे आणि 2024 साली मिळालेले चार तारे एकाच तागडीत तोलता येत नाहीत.

माझा खरा आक्षेप त्या सेडानच्या वयाला आहे, आणि वय म्हणजे इथे मला रबर, सील आणि बुश यांचे वय अभिप्रेत आहे. दहा वर्षांच्या गाडीचे इंजिन, तेल वेळेवर बदलले असेल तर, अजून लाखभर किलोमीटर सहज जाते. परंतु सस्पेन्शनचे बुश, शॉकअप, इंजिन माउंटिंग, रेडिएटरचे पाइप, एसीचा कंडेन्सर, क्लच आणि स्टिअरिंग रॅक हे सगळे भाग आठव्या ते बाराव्या वर्षांच्या दरम्यान एकामागून एक हात टेकतात. गाडी विकणारा माणूस नेमका याच सुमारास विकायला काढतो, कारण पुढचा खर्च त्याला दिसत असतो. सेडानच्या बाबतीत पहिल्या दीड वर्षात चार टायर, क्लच आणि सस्पेन्शन मिळून साठ ते सत्तर हजार रुपये लागतील असे मी धरून चालेन, आणि ते न लागल्यास आनंद मानेन. हे पैसे सव्वापाच लाखांत मिळवूनच तिची किंमत समजावी. आपल्याकडच्या गाड्यांना याचा फटका थोडा लवकर बसतो, हेही खरे आहे. पावसाळ्यात गगनबावडा, आंबा, राधानगरी या पट्ट्यातील पाणी, उन्हाळ्यातील धूळ, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते आणि गावागावांतले उंच गतिरोधक यांतून गेलेली गाडी आणि केवळ शहरातील सरळ रस्त्यावर चाललेली गाडी यांचे खालचे भाग सारखे राहत नाहीत. गाडी कोकणातून आलेली असेल, म्हणजे तिच्यावर एमएच-07 किंवा एमएच-08 असेल, तर खाऱ्या हवेमुळे खालच्या पत्र्याला, सायलेन्सरला आणि ब्रेकच्या नळ्यांना गंज चढलेला आहे का, हे लिफ्टवर चढवूनच बघावे.

पेट्रोलचा मुद्दा आपल्या जिल्ह्यातील लोकांना निराळ्या कारणाने जवळचा आहे, कारण आपल्याच उसापासून काढलेले इथेनॉल आता आपल्याच टाकीत येते. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते आणि ते पाणी शोषून घेते. निती आयोगाच्या 2021च्या आराखड्यातच असे नमूद केले होते की, मुळात निव्वळ पेट्रोलसाठी रचलेल्या व 10 टक्के इथेनॉलसाठी जुळवलेल्या चारचाकीचे मायलेज 20 टक्के मिश्रणाने 6 ते 7 टक्क्यांनी घटू शकते, तर 10 टक्क्यांसाठी रचून 20 टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाडीत ही घट 1 ते 2 टक्क्यांची असते. 2016ची सेडान आणि 2021ची हॅचबॅक या दोन्ही 2023च्या आधीच्याच असल्याने या बाबतीत 2021ची गाडी पूर्णपणे निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही. फरक इतकाच की, तिचे पाइप व सील पाच वर्षांचेच आहेत, तर सेडानचे दहा वर्षांचे. सेडान घेतलीच, तर इंधनाच्या रबरी नळ्या आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग पहिल्याच सर्व्हिसिंगला तपासून, जरूर वाटल्यास, बदलून घ्याव्यात, आणि गाडी अर्ध्या टाकीवर महिना-महिना उभी ठेवू नये.

याचा हिशेब आपल्या वापरावर मांडून पाहू. रोजचे चाळीस किलोमीटर आणि रत्नागिरीच्या फेऱ्या धरल्या, तर वर्षाला साधारण 13,000 किलोमीटर होतात. सेडान प्रत्यक्षात लिटरला 15 आणि हॅचबॅक 19 किलोमीटर देईल असे धरले आणि पेट्रोल 105 रुपये लिटर मानले, तर सेडानला वर्षाला सुमारे 91,000 आणि हॅचबॅकला सुमारे 71,800 रुपयांचे पेट्रोल लागेल. पाच वर्षांनी सेडानची नोंदणी पंधरा वर्षांची मुदत गाठेल. त्यानंतर ती पाच-पाच वर्षांनी तपासणी करून, नूतनीकरणाचे शुल्क व पर्यावरण कर भरून वाढवता येते, परंतु तेव्हा विकायला काढल्यास माझ्या अंदाजाने तिचे सव्वा लाखाच्या वर येणार नाहीत. हॅचबॅक तेव्हा दहा वर्षांची असेल आणि अडीच लाखांपर्यंत जाईल. दुरुस्तीसाठी सेडानला पाच वर्षांत पावणेदोन लाख आणि हॅचबॅकला एक लाख धरले, तर किमतीतली घट, पेट्रोल आणि दुरुस्ती मिळून सेडानचा खर्च दहा लाखांच्या थोडा वर आणि हॅचबॅकचा सव्वासात लाखांच्या आसपास जातो. म्हणजे महिन्याला पाच हजार रुपयांचा फरक पडतो. मागच्या सीटवरची जास्तीची जागा आणि मोठी डिकी यांसाठी आपण महिन्याला पाच हजार द्यायला तयार आहात का, असा प्रश्न मी आपल्या जागी असतो तर घरच्यांसमोर ठेवला असता. काहींच्या घरी त्याचे उत्तर ‘होय’ असते. आई-वडिलांना गुडघ्यांचा त्रास आहे आणि वरचेवर लांबचा प्रवास आहे, अशा दोन कुटुंबांना मी स्वतः जुनी मोठी गाडी घ्यायला सांगितले आहे.

आता ज्या तपासणीवर माझा सर्वाधिक भर आहे ती सांगतो. 2019चा ऑगस्ट आणि 2021चा जुलै या दोन्ही महापुरांत शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, सुतारवाडा इथपासून शिरोळ तालुक्यातल्या गावांपर्यंत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची धोका पातळी 43 फूट आहे आणि दोन्ही वेळा पाणी तिच्या कितीतरी वर जाऊन महामार्गसुद्धा शिरोलीजवळ बंद पडला होता. आपली हॅचबॅक 2021ची आहे. ती त्या वर्षीच्या जुलैपूर्वी नोंदली गेली असेल, तर दोन-चार महिन्यांच्या वयातच तिने पूर पाहिलेला असू शकतो. सेडानने तर दोन्ही पाहिले असतील. पुरात गेलेल्या गाडीचा दुरुस्तीखर्च विम्याच्या घोषित मूल्याच्या 75 टक्क्यांपलीकडे गेला, तर विमा कंपनी ती पूर्ण नुकसान म्हणून धरते. अशा गाड्या लिलावात स्वस्तात घेऊन, धुऊन-पुसून, सीटकव्हर बदलून पुन्हा बाजारात आणल्या जातात. बाहेरून त्या चकचकीत दिसतात. इंजिनही नीट चालते. त्रास सुरू होतो तो वर्षा-दीड वर्षाने, जेव्हा वायरिंगच्या जोडांमधले तांबे हिरवे पडू लागते आणि आज खिडकीची काच, उद्या एबीएसचा दिवा, परवा स्टार्टच नाही, अशा तक्रारी एकामागून एक येऊ लागतात. एअरबॅगचे नियंत्रक बहुतेक गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, जमिनीलगतच बसवलेले असते. ऐन वेळी एअरबॅग उघडेल की नाही याची शाश्वती अशा गाडीत कोणीच देऊ शकत नाही, आणि म्हणूनच भिजलेली गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी मी ती कोणाला घेऊ देत नाही.

2022 साली एका तरुण जोडप्यासाठी मी 2018ची एक गाडी पाहिली होती. गाडी इतकी स्वच्छ होती की, मला सुरुवातीला काही संशयच आला नाही. मग चालकाचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला, तेव्हा आतल्या दीड हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली. सीट पुढे सरकवून तिचे बोल्ट पाहिले, तर त्यांच्या आट्यांत गंज होता. स्टेपनीच्या खाचेत बारीक, कोरडा गाळ होता. आणि डॅशबोर्डच्या खाली हात घालून फ्यूजबॉक्समागची वायर दाबली, तेव्हा बोटांना भुकटी लागली. या चार जागा पाहायला वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही आणि त्यासाठी मेकॅनिकही असावा लागत नाही. आपण गाडी पाहायला जाल तेव्हा काचा बंद ठेवून पाच मिनिटे आत बसा आणि एसी लावण्यापूर्वी वास घ्या. दिव्यांच्या आत वाफेचे डाग आहेत का ते पाहा. आणि विमा कंपनीकडून आधीच्या क्लेमची माहिती विकणाऱ्याला मागवून द्यायला सांगा. जो मालक याला टाळाटाळ करतो त्याची गाडी सोडून द्यावी.

किलोमीटर खरे आहेत का हे ताडण्यासाठी मी मीटरकडे सर्वांत शेवटी पाहतो. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो. त्यातील पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे ‘2321’ हा टायर 2021च्या तेविसाव्या आठवड्यातला. टायर साधारण चाळीस ते पन्नास हजार किलोमीटर जातो. आपल्या हॅचबॅकचे टायर मूळचेच असतील, तर 41,000 हा आकडा पटण्यासारखा आहे. पण चारही टायर 2023 साली बनलेले असतील, तर दोन-अडीच वर्षांत पहिला संच का झिजला, याचे समाधानकारक उत्तर मिळाले पाहिजे. क्लच-ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगवरची झिलई आणि चालकाच्या सीटची दाराकडची कड या तीन जागा मीटरपेक्षा अधिक बोलतात. अधिकृत वर्कशॉपच्या सर्व्हिस नोंदीत प्रत्येक भेटीचे किलोमीटर असतात. त्या पहिल्या मालकाकडून अवश्य मागून घ्याव्यात. काचांवरही वर्षाची खूण असते, आणि एकच काच बाकीच्यांहून अलीकडची निघाली तर त्या बाजूला धडक बसली होती का, हे दाराचे बोल्ट आणि रंग पाहून तपासावे.

नव्या गाड्यांच्या बाबतीत आमच्याच व्यवसायातील एक उणीव सांगणे मला आवश्यक वाटते. बीएस-6 काळातील अनेक छोट्या पेट्रोल इंजिनांना 0डब्ल्यू-16 किंवा 0डब्ल्यू-20 असे अतिशय पातळ तेल लागते. जुन्या सवयीने त्यांत 20डब्ल्यू-40 हे जाड तेल ओतणारी गॅरेज अजून आहेत, आणि त्याने मायलेज घटते व थंडीत पहिल्या काही सेकंदांत तेल वरच्या भागांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. 2021ची गाडी घेतलीत, तर मालकाच्या पुस्तिकेत लिहिलेलेच तेल टाकण्याचा आग्रह धरावा आणि डब्यावरचे लेबल स्वतः वाचावे.

कोऱ्या गाडीचा पर्याय मी मागे ठेवला आहे, पण तो नाकारलेला नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या आणि 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल मोटारींवरील जीएसटी, उपकरासह जो 29 टक्के होता, तो 18 टक्के झाला. सहा लाख शोरूम किमतीच्या गाडीवर हा फरक सुमारे एक्कावन्न हजारांचा आहे. त्याचा परिणाम जुन्या गाड्यांच्या भावावर व्हायलाच हवा, पण बरेच विक्रेते अजून जुन्या किमतीचा आधार घेऊन भाव सांगतात. आपल्या हॅचबॅकचे पाच लाख दहा हजार मला याच कारणाने चढे वाटतात. त्याच मॉडेलच्या कोऱ्या गाडीची आजची किंमत काढून तिच्याशी तुलना करा आणि चार लाख पासष्ट ते ऐंशी हजारांच्या दरम्यान बोलणी आणा. कोरी गाडी घेतल्यास मात्र शोरूम किमतीवर राज्याचा 11 टक्के कर आणि तीन वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमा हे धरून आपल्या साडेसहा लाखांत फक्त बेस मॉडेल बसेल. तसेच विम्याच्या हिशेबात गाडीचे मूल्य पहिल्या वर्षाअखेर 15 टक्क्यांनी, दुसऱ्या वर्षाअखेर 20 टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षाअखेर 50 टक्क्यांनी उतरते. हा उतार पहिल्या मालकाने सोसून झालेला आहे, हाच 2021च्या गाडीचा मोठा लाभ आहे. आपण गाडी दहा-बारा वर्षे ठेवणारच असाल, आणि आपल्या 2011च्या गाडीवरून तसे दिसतेही आहे, तर कोऱ्या बेस मॉडेलचा विचार पुन्हा एकदा करावा. 20 टक्के इथेनॉलला योग्य इंजिन आणि ठाऊक असलेला इतिहास या दोन गोष्टी त्यात निश्चित मिळतात.

मेहुण्यांच्या डिझेलबद्दल थोडक्यात लिहितो. वर्षाला 13,000 किलोमीटरसाठी डिझेल परवडत नाही. बीएस-4 डिझेलची यंत्रणा साधी असते हे खरे, पण आता तिचे वय झाले आहे, आणि एक इंजेक्टर किंवा टर्बो बिघडला तर वर्षभराची बचत एका बिलात जाते. शिवाय मारुतीने एप्रिल 2020 पासून डिझेल इंजिने बंद केली, त्यामुळे छोट्या डिझेल गाड्यांमध्ये निवडही आता बहुतांशी जुन्यांचीच उरली आहे. वर्षाला पंचवीस हजारांच्या वर फिरणाऱ्याला मी वेगळा सल्ला दिला असता.

दोन परिस्थितींत मी माझे मत बदलेन. हॅचबॅकचा सीटबेल्ट, बोल्ट किंवा नोंदी यांत कुठेही संशय निघाला, तर ती गाडी सोडून दुसरी 2020 ते 2022 मधली पाहावी, घाईने सेडानकडे वळू नये. आणि सेडानच्या मालकाने टायर, क्लच व सस्पेन्शन नुकतेच बदलल्याची बिले दाखवली, सर्व नोंदी सलग निघाल्या आणि तो चार लाख वीस हजारांपर्यंत उतरला, तर तिचा हिशेब बराच बदलतो आणि तेव्हा ती घेण्यात चूक नाही.

व्यवहार ठरल्यावर मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी घ्या. आरसीवर कर्जाचा बोजा असेल, तर बँकेचे नाहरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नव्याने घेतलेल्या गाडीचा विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करा. आपल्या जुन्या गाडीवर पाच वर्षे क्लेम नसेल, तर 50 टक्के नो-क्लेम बोनस, म्हणजे विम्याच्या हप्त्यातील सवलत, जमा असेल. तो गाडीचा नसून मालकाचा असतो, तेव्हा जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून त्याचे पत्र घेऊन ते नव्या पॉलिसीला लावा. जुनी गाडी अधिकृत केंद्रात भंगारात दिली, तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते, परंतु ती कोरी गाडी घेतली तरच उपयोगी पडते. हॅचबॅक घेणार असाल, तर जुन्या गाडीची नोंदणी संपण्यापूर्वीच ती विकावी, कारण मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा खर्च घेणारा आपल्याच किमतीतून वजा करतो. तपासणीसाठी दोन्ही गाड्या सकाळी, इंजिन गार असताना पाहा, आणि मालकाला आदल्या दिवशी फोनवर तसे सांगून ठेवा.